दिवाणाचा तळ

आमच्या चंद्रकुमार भाऊजींच्या नोकरीत चार बदल्या झाल्या. चारही वेळा सामान नणंदबाईंनी बांधलं आणि अनुभव भाऊजींना आला.

तो अनुभव घेऊन माघातल्या एका बुधवारी सकाळी साडेसातला ते सालेकशाला आमच्या आंगणात हजर झाले. शर्टाच्या खिशात काळा मार्कर. चहा यायच्या आधीच त्यांनी गॅसच्या शेगडीवर एक लिहिलं, मिक्सरवर दोन, आणि माझ्या दोन वर्षांच्या खुशीच्या लाल खुर्चीवर, नेमकं बसायच्या जागी, चौदा. शाई ओली होती. खुशी जाऊन टेकली आणि उठली तेव्हा तिच्या पिवळ्या चड्डीवर उलटा चौदा उमटलेला. तिला वाटलं काहीतरी मोठं मिळालं. ती वळून वळून मागे बघत साऱ्या आंगणभर फिरली.

"सिस्टम से चलना पडता है," भाऊजी म्हणाले. माणूस आमगावकडचा. घरात आमच्यासारखंच बोलतो, पण हुकूम सोडायचा असला की हिंदीत जातो.

सामान तर बांधून झालं होतं. आठ दिवस खुशी दुपारची झोपली की मी एकेक हातावेगळं केलं होतं. लोखंडी रॅक सोडवून त्याचे नट-बोल्ट चिंधीत बांधून त्याच्याच पायाला गुंडाळले. पाळण्याच्या कड्या काजळाच्या रिकाम्या डबीत ठेवल्या. टेबलाच्या पायांना भाताच्या तणसाची वेणी घातली, म्हणजे पॉलिश घासणार नाही. भाऊजींनी एक नजर टाकली, सगळ्या चिंध्या सोडल्या आणि सगळे नट, बोल्ट, कड्या एका थैलीत ओतून थैलीवर लिहिलं, तीस.

"अब गुमेगा नहीं," म्हणाले.

खरंच होतं. हरवणार काही नव्हतं. फक्त कशाचं काय, हे या जन्मात कळणार नव्हतं.

आम्ही निघालो होतो गोंदियालगतच्या फुलचूरला. यांना, म्हणजे भुपेंद्रना, गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये सुपरवायझरची नोकरी लागून दोन वर्षं झाली. रोज पहाटेची गाडी, रात्रीची गाडी. खुशी बापाला ओळखायची ती रविवारची वस्तू म्हणून. शेवटी दोन खोल्या मिळाल्या. त्यासाठी गावातलाच छोटा हाथी टेम्पो ठरवला होता. त्या गाडीत मोठी वस्तू एकच बसणार होती. एक तर दिवाण, नाही तर अलमारी.

आणि कोणती, ते रविवारीच ठरलं होतं. मी स्वयंपाकघरात भाकरी टाकत असताना ठरलं होतं. दिवाण जाणार. अलमारी राहणार.

अलमारी माझी. माझ्या बापानं, चिचगडच्या बकारामनं, लग्नात आंदण दिलेली. दारावर पेंटरकडून लिहून घेतलेलं, "चि. सौ. कां. प्रेरणा हिस बकाराम व गीताबाई यांचेकडून सप्रेम भेट." ती राहणार, कारण वैशाखात माझ्या दिराचं, हिमांशूचं लग्न आहे आणि माझ्या सासूबाईंनी मुलीकडच्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलंय, "आमाले काहीच नाही पायजे, बापा. आमी मागनारे लोकं नाही." मागणार नाहीत, पण नवरीच्या खोलीत अलमारी तर दिसायला पाहिजे! मग घरात आहे ना एक. तिला नवा रंग मारायचा, आतून-बाहेरून, गुलाबी. माझ्या आईबापाचं नाव खरवडून काढायचं. हुंडा न घेण्याचा हा मार्ग मला तरी नवीन होता.

मला नावाचं काही नव्हतं. पेंटरचं अक्षर तसंही दळभद्री होतं. मला पाहिजे होतं ते आत होतं.

अलमारी चिचगडहून निघाली त्या सकाळी माझ्या मायनं हळद कालवली, उजवा हात त्यात बुडवला आणि डाव्या दाराच्या आतल्या बाजूला थापा मारला. आमच्याकडे पोरीसोबत जाणाऱ्या वस्तूला असा थापा मारतात, पण बाहेरून, पुसला जाईल असा. माय म्हणाली, "बाहेर मारला तं सासरचे पुसतीन. आतमंदी मारतो. साड्यायच्या मागं राहीन, कोनाले दिसत नाही." पाच बोटं. करंगळी जरा वाकडी, लहानपणी विळ्यानं कापलेली. खुशी पोटात असताना माय गेली. फोटो आहेत, पण फोटोत ती साडीचा पदर दातात धरून फोटोवाल्याला घाबरलेली आहे. माय जशी होती तशी मला फक्त त्या दाराच्या आत सापडते.

खुशी उठली की अलमारी उघडायला लावते. मग हात वर करून, टाचा उचलून, त्या थाप्याला टाळी देते. "आजी, टाळी." तिचा अख्खा पंजा मायच्या तळव्यात मावतो, वर जागा उरते.

रविवारी मी सासूबाईंना सांगितलं. भांडून नाही, नीट सांगितलं. "आत्याबाई, दिवाण ठेवा हिमांशूले. मले अलमारी नेऊ द्या. आतमंदी मायचा हात आहे."

त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "हळदीचा डाग होये तो. डागासाठी कोनी अलमारी नेते का?"

भाऊजी फोनवर होते, स्पीकरवर. तिकडून म्हणाले, "थिनर मारना, दो मिनिट में साफ."

रात्री मी यांना विचारलं. हे म्हणाले, "बघू." हे सज्जन आहेत. सज्जन माणसाचं 'बघू' म्हणजे डोळे मिटणं.

आता दिवाणाची गोष्ट. दिवाणही भाऊजींचाच पराक्रम. कोणा साहेबाचं क्वार्टर रिकामं होत होतं तेव्हा त्यांनी तो आमच्यासाठी पसंत केला. "प्युअर सागवान. आजकल मिलता नहीं." वरून सागवानी रंगाचा कागद चिकटवलेला, हे मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण पुसायचं काम माझं. आत सामान ठेवायची पेटी, तिचा तळ भुशाच्या फळीचा. पहिल्या पावसाळ्यात भिंतीतून ओल आली आणि तळ फुगून पापडासारखा झाला. मी सर्वांना बोलावून दाखवलं. भाऊजी हसले, "सागवान सांस लेता है." सासूबाई म्हणाल्या, "जावयाच्या पसंतीले नावं ठेवते." मग मी गुपचूप दोन विटा आणून तळाखाली मध्यावर सरकवल्या. दोन पावसाळे तो सागवान माझ्या दोन विटांवर श्वास घेत होता.

तर त्या बुधवारी भाऊजी नंबर टाकत टाकत अलमारीपाशी आले. तिला नंबर नाही. त्यांनी दारावर फुली मारली. मोठी, काळी. नेमकी 'गीताबाई'वर पडली. मुद्दाम नाही मारली, हे मला माहीत आहे. त्यांनी ते वाचलंच नव्हतं. माझा राग तिथंच गार झाला आणि त्या जागी दुसरं काहीतरी आलं, राग परवडला असं.

मग त्यांनी आणि हिमांशूनं दिवाण ओढत आंगणात आणला. खोलीत, जिथे दिवाण होता, तिथे माझ्या दोन विटा उघड्या पडल्या.

"ये ईंट कायके लिए?" भाऊजी.

"असंच," मी म्हटलं.

घरून एक वर्षाचा तांदूळ द्यायचा म्हणून चिन्नोरचे कट्टे भरून ठेवले होते. नवा तांदूळ, सारं घर वासानं भरलेलं. भाऊजींनी कट्टे पाहिले, दिवाणाची उघडी पेटी पाहिली आणि त्यांना ते सुचलं. अशा वेळी त्यांचा चेहरा गणपतीतल्या लायटिंगसारखा होतो.

"पोकळ जागा म्हणजे काय? गाडी हवा ढोऊन राहिली. चावल इसमें खुल्ला डालो. और कप, काच, आरसा, सब चावल के अंदर! शहरात लोकं पॅकिंगचे पैसे देतात. आपल्याकडे धान का देश, और क्या चाहिए?"

"वा, जीजाजी!" हिमांशू म्हणाला. हिमांशू 'वा जीजाजी' सोडून फारसं बोलत नाही. वैशाखात त्याला बोलायला दुसरं माणूस मिळेल.

कट्टे सुटले. तांदूळ पेटीत पडू लागला, मऊ, पांढरा, पावसासारखा आवाज करत. खुशीला वाटलं खेळ आहे. तिनं दोन्ही मुठी भरून आणखी टाकले. मग थर. थरावर कपबशा. भाऊजींनीच आमच्या लग्नात दिलेला सेट, त्यावर गुलाब. मग पुन्हा तांदूळ. मग आरसा. मग तांदूळ. सव्वा क्विंटल तरी असेल. सासूबाई कौतुकानं पाहत होत्या. "माहा जावई म्हंजे डोकं आहे, डोकं."

हे माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "तळ झेपेल ना?"

म्हणजे यांना आठवत होतं. दोन वर्षांपूर्वी मी दाखवलेलं आठवत होतं, आणि विचारत होते मला, कानात. चार पावलांवर उभ्या असलेल्या आपल्या भाटव्याला, बहिणीच्या नवऱ्याला, विचारायची छाती नव्हती.

"भाऊजींना विचारा," मी म्हटलं.

हे गेले नाहीत. दोरी घेऊन दुसरीकडे गेले.

मला सांगता आलं असतं. हे मी लपवत नाही. एक वाक्य होतं, "तळ कुजला आहे." जिभेवर होतं. पण ते वाक्य मी एकदा बोलले होते आणि त्याचं काय झालं ते मला माहीत होतं. मी खुशीला कडेवर घेतलं, तिच्या केसांतला तांदळाचा दाणा काढला आणि ओट्यावर जाऊन बसले.

कुंपणापलीकडून जमुनाबाई बघत होती. आमची शेजारीण. तिच्या घरात टीव्ही आहे, पण तिला आमचं आंगणच जास्त आवडतं.

चौघं आले. एका कोपऱ्याला हिमांशू, दोन कोपऱ्यांना गाडीवाला आणि त्याचा भाऊ, चौथ्याला हे. भाऊजी समोर उभे, हात वर. बँडवाल्यांच्या पुढे असतो तसा माणूस.

"एक, दो, और उठाओ!"

दिवाण उठला. गुडघ्याएवढा उठला. मला तळ दिसला. मध्ये पोट सुटलेलं, मोठं होत जाणारं. आणि यांचा चपलेतला पाय नेमका त्याच्या खाली.

"पाय मागं घ्या! अहो, पाय!"

यांनी पाय ओढला. आणि मग तो आवाज झाला. तुटल्याचा नाही, भिजलेला पुठ्ठा फाटावा तसा, लाजिरवाणा. तळ खाली आला, त्याच्यामागून तांदूळ, तांदळामागून कप, बशा, आरसा, सगळं एका ढिगात. दिवाणाची चौकट चौघांच्या हातात तशीच राहिली, आरपार. तिच्यातून मला पलीकडची जमुनाबाई दिसली, फ्रेम केल्यासारखी.

पहिली कोंबडी आली. मग बाकीच्या आल्या.

भाऊजी पुढे झाले, ढिगात हात घातला आणि एक कप वर काढला. फिरवून पाहिला.

"देखा?" म्हणाले. "एक भी कप नहीं टूटा!"

गाडीवाला तोंड फिरवून खोकू लागला. खूप वेळ खोकला.

"कोंबड्या हाकला रे!" सासूबाई ओरडल्या आणि सूप घेऊन ढिगाशी बसल्या. मीही बसले. माती वेगळी, तांदूळ वेगळा. आम्ही दोघी समोरासमोर पाखडत होतो. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुले मालूम होतं."

"हो."

"म्हनून पाय म्हनलीस."

"हो."

"मंग आधी काऊन नाही बोललीस?"

"आधीच बोललो होतो, आत्याबाई. दोन वर्षं आधी. तुमी म्हनलं, जावयाच्या पसंतीले नावं ठेवते."

त्यांनी सूप झटकलं. एकही दाणा बाहेर पडला नाही. हात त्यांचा चांगलाच आहे. माझ्याकडे पाहिलं त्यांनी, आणि मला वाटलं आता येईल, सारं गाव ऐकेल असं काहीतरी. आलं ते कुंपणापलीकडून.

"शामकलाबाई!" जमुनाबाई. "आता का नेते वं तुहा पोरगा? एक शेगडी अन् चार गंज-भांडे? बिऱ्हाड होये का पिकनिक होये?"

"कोन म्हनते?" सासूबाई वळल्याही नाहीत.

"मले दिसून राहिलं न. दिवान तं मेला. जमिनीवर झोपवतेस का सुनेले? लोकं म्हनतीन, पोराले खाली हात काढला शामकलानं."

सासूबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, हळू. पदर खोचला.

"खाली हात कायले जाईन? अलमारी जाऊन राहिली न! एवढी मोठी अलमारी तुह्या डोळ्याले दिसत नाही का?" मग घराकडे तोंड करून, जमुनाबाईला ऐकू जाईल अशा आवाजात, "हिमांशू! अलमारी काढ बाहेर!"

बस. एवढंच झालं. मी मायचा हात सांगितला तेव्हा तो डाग होता. नवऱ्याला विनवलं, खुशीची टाळी दाखवली, रात्रभर रडले. त्यानं काही झालं नाही. जमुनाबाईच्या एका टोमण्यानं झालं. माणसं प्रेमानं बदलतात असं मी पोरीला शिकवणार होते. आता बघू.

"पर मांजी, वो तो लिस्ट में..." भाऊजी म्हणाले.

"तुमी कप मोजा, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.

हिमांशूचं तोंड उतरलं. "आई, मंग माह्या खोलीत का ठेवू?"

"देईन न तुहा सासरा. अलमारी नाही देनार का पोरीले? आपन मागत नाही, पन समजाले पायजे त्यायले."

माझ्या हातातलं सूप थांबलं. रुची नाव आहे त्या मुलीचं. एकदाच पाहिली मी, कुंकवाच्या दिवशी. बशीतला पेढा खावा की नाही, अशी बसली होती. अलमारी मला मिळाली होती आणि तिच्या बापाच्या माथ्यावर गेली होती, आणि मधलं अंतर एका वाक्याचं होतं. मला वाईट वाटलं. पण खरं सांगते, अलमारी परत ठेवा म्हणावं इतकं नाही वाटलं. ज्या घराला मी नावं ठेवते, त्या घरात मीही पाच वर्षं राहिले आहे.

अलमारी मी स्वतः बांधली. कोणाला हात लावू दिला नाही. साड्या काढल्या, गाठोडं केलं. लॉकर बंद करून किल्ली मंगळसूत्रात अडकवली. थाप्यावर आधी मलमलची जुनी ओढणी, मग खुशीची दुपटी, मग कप्प्यांत उशा दाबून बसवल्या, म्हणजे हलताना काही घासणार नाही. दारं लावून वरून गोधडी, कोपऱ्यांना तणसाच्या वेण्या, आणि आडवी-उभी दोरी. फुली गोधडीखाली गेली. भाऊजी मार्कर घेऊन जवळ आले, बहुतेक नंबर द्यायला. मी नुसतं पाहिलं. त्यांनी टोपण लावलं.

गाडीत चढवायच्या आधी सासूबाई आल्या. "सोड," म्हणाल्या.

"का सोडू?"

"दोरी सोड. एक पल्ला उघड."

मी सोडली. उजवं दार उघडलं. त्यांनी ओंजळभर तांदूळ आणला होता, पाखडलेला, स्वच्छ. खालच्या कप्प्यात उशीच्या बाजूला ओतला. "अलमारी रिकामी नाही धाडत घरातून," म्हणाल्या. डाव्या दाराकडे त्यांनी पाहिलंही नाही. मुद्दाम पाहिलं नाही की पाहायचं सुचलं नाही, हे मी ठरवू शकले नाही. मला ठरवायचंही नव्हतं.

खोलीतून शेवटचा फेरा मारायला गेले. रिकामी भिंत, ओलीचा नकाशा, आणि त्या दोन विटा. सासूबाई मागून आल्या.

"या विटा उचल न. रस्त्यात पडून राहिल्या."

"राहू द्या," मी म्हटलं. "नवीन दिवाण भाऊजीच पसंत करतीन न हिमांशूसाठी?"

बाहेर आल्यावर, मी खुशीला घेऊन गाडीवाल्याच्या शेजारी बसले, हे मागे सामानात चढले, आणि गाडी सुरू झाली तेव्हा त्या खिडकीशी आल्या, खुशीच्या गालाचा पापा घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शहरात काही घेशीन तं तळ पाहून घेजो."

"घेईन," मी म्हटलं.

आमगावपर्यंत खुशी जागी होती, मग माझ्या मांडीवर झोपली. फुलचूरला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. यांनी आणि गाडीवाल्यानं अलमारी उतरवली, भिंतीला लावली. थैली नंबर तीसमधून रॅकचे बोल्ट शोधत हे उकिडवे बसले. त्यांनी पाळण्याची कडी काढून पाहिली, टेबलाचा स्क्रू काढून पाहिला, परत टाकला. मी मदत करू शकले असते. बसू दिलं.

गोधडी सोडली. गीताबाईवरची फुली खोबरेल तेलाच्या बोळ्यानं घासली, तर ती गेली आणि सोबत 'गी'ची वेलांटीही गेली. दार उघडलं. ओढणी काढली. थापा होता. करंगळी वाकडी.

खुशी झोपेतून उठून डोळे चोळत आली. नवी खोली, नवी भिंत, काही ओळखीचं नाही. ओठ काढून रडायच्या बेतात होती. मग तिला उघडं दार दिसलं.

टाचा उचलल्या. टाळी दिली. मग वाकून खालच्या कप्प्यातले तांदूळ मुठीत घेतले आणि मला दाखवले, जणू दारातल्या आजीनंच दिलेत.

मोठी झाली की सांगेन, ते कोणत्या आजीचे होते.